नानांच्या तब्येतीचा हेवा

भुसावळला उतरले तेव्हा मावसभाऊ नाना फलाटावर विडी ओढत उभे होते. सत्तरीचे, पण माझी ट्रंक त्यांनी खांद्यावर अशी टाकली की मी बघतच राहिले. अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा. रक्ताच्या कर्करोगावरचे मुंबईतले उपचार संपवून मी पहिल्यांदाच पुण्याबाहेर पडले होते. डोक्यावर बोटभर नवे केस.

फैजपूरला एसटीने गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधे कपाशी. दुपारी शेतात पोचलो तर नाना उघड्या हातांनी फवारणीचं औषध कालवायला बसले. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमालही नाही.

"अहो नाना, विष आहे ते!"

"तुले म्हनू का, हे डॉक्टर लोकं नुसतं भेव दाखोतात. आमाले काय होते व!"

संध्याकाळी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). भरितावर कच्ची कांद्याची पात. मला कच्चं वर्ज्य. मी पात बाजूला काढत होते आणि नाना ती मुठीने खात होते. जेवणावर तंबाखू. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तंबाखू? विडी? शेतात फवारणी? सगळ्याला मी नाही म्हटलं होतं. रोज पहाटे फिरायला जाणारी मी! मग हे मलाच का, यांना का नाही? असं नात्यातल्या माणसाबद्दल मनात आलं, आणि ते तिथेच बसून राहिलं. चार दिवस नाना हसले की मला राग यायचा.

परतीची पुण्याची गाडी धुळ्याहून होती. जळगाव, अमळनेर करत निघाले. अमळनेरच्या पुढे एसटी बंद पडली. सगळे खाली उतरून बाभळीखाली बसलो. शेजारी सातपुड्याच्या पायथ्याकडचं एक पावरा आदिवासी जोडपं होतं. पंचविशीचा नवरा बायकोच्या मांडीवर डोकं टेकून पडलेला, ओठ पांढरे, हिरड्यांतून रक्त. दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायचा, असं ती म्हणाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं रोगाचं नाव तिने मोडकंतोडकं सांगितलं. मी ओळखलं.

"मलाही हेच झालं होतं," मी म्हणाले.

ती माझ्या केसांकडे बघत राहिली. "तुम्हले बी हाऊच रोग? आनि तुम्ही बऱ्या व्हई ग्यात?"

"हो. मुंबईला."

"आमले बी डॉक्टर सांगस, मुंबईले ली जा." (मुंबईला घेऊन जा.) "मुंबईमा आमनं कोन शे?"

तिच्या नजरेत जे होतं ते मी लगेच ओळखलं. नानांना घास घेताना मी तशीच बघत होते. मला तिच्यासमोर बसवेना. मग माझा धाकटा भाऊ परळला राहतो, हे मी सांगितलं. पत्ता लिहून दिला. "थेट त्याच्याकडे जा, मी त्याला सांगून ठेवते." नवऱ्याने डोळे उघडले. तिने कागद पदरात बांधला. मागून आलेल्या एसटीने धुळ्याला उतरल्यावर तो तिच्या खांद्याला धरून हळूहळू गर्दीत गेला.

नानांचा हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण पुण्याला आल्यापासून दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून भावाला फोन करते. होळी होऊन गेली. परवा तो म्हणाला, "ताई, कोणी आलं नाही गं. अजून वाट बघू?"

मी म्हटलं, "बघ."