डाव्या तारेचे चार फेरे

आज ग्रीसचा वास आला आणि बायकोलाही कधी न सांगितलेलं लिहायला बसलो. कोल्हापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या टर्नरकाकांनी परड्यात शिडाची होडी बांधली होती, महिनाभर समुद्रात राहता येईल एवढी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा ते बोटानं छेडून, निव्वळ कानानं जुळवायचे. एके दिवशी तारा जुळवून ते जेवायला गेले, तेव्हा काठी वाकते तरी किती ते बघावं म्हणून मी डाव्या तारेचा ग्रीसनं माखलेला स्क्रू चार फेरे आवळला. खरंच वाकली! तेवढ्यात काका परतले. एक डोळा मिटून त्यांनी खालून काठीकडं बघितलं. "कान गेला की रं माझा! आता समुद्रात कुणाच्या भरवशावर जाऊ?" "वय झालं, काका," मी म्हणालो. होडी त्यांनी विकून टाकली. काका अजून शेजारीच राहतात. त्यांचा कान शाबूत होता, एवढं त्यांना सांगायचं माझ्याकडं बाकी आहे.