आष्टीच्या इवाईंचा खेळायचा कॉम्प्युटर

सातारा सोडला तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, कंदी पेढ्यांचा पुडा आणि एक शंभर पानी वही होती. वहीत काय आहे हे माझ्या पत्नीलाही माहीत नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला, आमच्या मृणालच्या सासऱ्यांकडे चार दिवस जाऊन येतो, एवढंच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, बोलावणं नसताना व्याह्यांकडे जाऊ नये. बोलावणं होतं, पण ते गुप्त होतं.

मृणालचे सासरे वसंतराव संत्र्यांचे बागायतदार. आपली आणि शेजाऱ्यांची संत्री ते स्वतःच्या छोट्या ट्रकमधून नागपूरला नेत, आणि ट्रक कधी दुसऱ्याच्या हाती देत नसत. दोन वर्षांपूर्वी संत्री तोडताना शिडीवरून पडले. डावा गुडघा वाकेना, क्लच दाबता येईना, तेव्हा ट्रक विकावा लागला. यंदा दिवाळीला त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, लॅपटॉप घेऊन गेले होते. त्यात ट्रक चालवण्याचा एक खेळ होता. वसंतराव चार दिवस त्या खेळापुढून उठले नाहीत. पाचव्या दिवशी जावई लॅपटॉप घेऊन पुण्याला परतले. त्यानंतर महिन्याभराने मला फोन आला. वसंतरावांना असा खेळ चालेल असा कॉम्प्युटर बेताच्या खर्चात, सुटे भाग निवडून जोडायचा होता. मुलाला, सुनेला आणि घरात काही कळू द्यायचं नव्हतं. आणि भाग निवडायला त्यांना मी हवा होतो.

यात चूक माझीच. मृणालच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या मी वसंतरावांना सांगितलं होतं, की पाटबंधारे खात्यात असताना ऑफिसचा कॉम्प्युटर मी एकट्याने जोडला. प्रत्यक्षात मी त्याचा फक्त खोका फोडला होता. मुलीच्या सासऱ्यांपुढे माणूस थोडं वाढवून बोलतोच. फोन आल्यावर मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि वहीत टिपणं काढली. 'प्रोसेसरच्या खालच्या बाजूस बोट लावू नये. का ते सांगितले नाही,' अशा तऱ्हेची.

दुसऱ्या दिवशी पुलगावला उतरलो. स्टेशनबाहेर तर्री पोहे घेतले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा. पोहेवाल्याने विचारलं, वरून सांबार टाकू का. पोह्यांवर सांबार कसा लागेल म्हणून मी घाईने नको म्हटलं. शेजारच्याच्या बशीत हिरवीगार कोथिंबीर पडलेली पाहिल्यावर कळलं, की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. परत मागायला लाज वाटली. डोळ्यांतून पाणी काढत तसेच खाल्ले आणि आर्वीमार्गे आष्टीची बस धरली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, आणि आर्वी मागे पडल्यावर संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या.

वसंतराव काठी टेकत बसस्टँडवर आले होते. रस्त्यातच त्यांनी मला पढवून ठेवलं. घरात सांगायचं, की ओलिताचं नवं यंत्र आणायचंय. कॉम्प्युटरवर चालणारं ठिबक. "तुमी पाटबंधाऱ्यातले," ते म्हणाले, "तुमच्यावर इश्वास ठेवते थे."

थे म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या विहीणबाई. दारात पाय धुवायला पाणी देताना त्या ओळीने बसलेल्या शेजारणींना म्हणाल्या, "आमचे इवाई (व्याही) आले." संध्याकाळी पानगे आणि वांग्याची भाजी होती. पानगे म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे. चौथा पानगा वाढताना त्यांनी सहज विचारलं, की ठिबक तर आपल्याकडे आहेच, मग हे कोणतं. मी अर्धा तास पाण्याच्या दाबाविषयी बोललो. त्या शांतपणे ऐकत होत्या. आयुष्यात एवढी चांगली श्रोती मला मिळाली नव्हती.

सकाळच्या बसने वर्धा गाठलं. बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गल्ल्यावर मालकांची सून होती. तिशीची, हिंदी आणि मराठी एका दमात बोलणारी. तिने आधी वसंतरावांनाच विचारलं, नातवासाठी का. वसंतराव म्हणाले, नाही, मलाच ट्रक चालवायचा आहे. तिने मान डोलावली आणि खुर्ची दिली. ती हसली नाही, हे मला फार आवडलं.

मग मी वही उघडली. तिने विचारलं, एसएमपीएस किती वॅटचा घेऊ या. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, हे माझ्या वहीत चौदाव्या पानावर होतं. मी मात्र तेव्हा नवव्यावर होतो. मी म्हणालो, घरात मीटर आहे, वीज भरपूर येते. पुढे तिने प्रोसेसर दाखवला, तेव्हा मी त्याच्याबरोबर भलताच मदरबोर्ड निवडला. त्या बोर्डात तो प्रोसेसर बसतच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, वसंतरावांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काकाजी बरोबर बोलून राह्यले, पण थो माल संपला. हा दुसरा घ्या." असं तिने मला तीनदा वाचवलं.

वसंतरावांचं लक्ष एव्हाना वरच्या फळीवर गेलं होतं. तिथे काचेच्या दाराचं एक कॅबिनेट होतं आणि आतले पंखे लाल, हिरवे, निळे दिवे लावून फिरत होते. त्यांना तेच हवं होतं. ते घेतलं तर ठरवलेल्या रकमेत चांगलं ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं. दुकानातल्या सूनबाईंनी समजावलं, की खेळाचं चित्र कार्ड काढतं. दिव्यांनी ट्रक चालत नाही. वसंतराव म्हणाले, ट्रकलाही आम्ही गोंडे लावायचो, त्याने तरी कुठे चालतो. शेवटी तिने तोड काढली. प्रोसेसर साधा, पण खेळाला पुरेल असा. रॅम दोन पट्ट्या. एसएमपीएस मात्र स्वस्तातला नाही, कारण तो जळला तर बाकीच्यांना घेऊन जळतो. मॉनिटर, एसएसडी, दोन पायट्यांचं (पेडलांचं) एक स्टिअरिंग, ज्याला क्लच नव्हता. आणि दिव्यांचं कॅबिनेट. कार्ड तेवढं जुनं घ्या, ती म्हणाली. सेलूला लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओवाला आपलं जुनं कार्ड विकत होता. तिने त्याला फोन लावून दिला. विंडोज टाकण्यासाठी एक पेन ड्राइव्हही दिला, आणि काही अडलं तर फोन करा म्हणून बिलावर स्वतःचा नंबर लिहिला.

खोकी तिथेच ठेवून आम्ही सेलूच्या बसमध्ये बसलो. मला राहवेना. मी वसंतरावांना सांगून टाकलं, की मला यातलं काही येत नाही, लग्नात मी थाप मारली होती.

ते खिडकीबाहेर पाहत होते. "मले तवाच मालूम होतं," ते म्हणाले. "लग्नात एक फोटो पाठवासाठी तुमी तीन जणांले फोन दाखवत फिरून राह्यले होते."

मग मला बोलावलंत कशाला, मी विचारलं.

"माह्या पोराले सारं येते," ते म्हणाले. "म्हणून थो मले हात लावू देत नाई. तुमाले काई येत नाई. तं दोघं मिळून करू."

मला राग यावा की हायसं वाटावं, ते सेलू येईपर्यंत ठरलं नाही.

स्टुडिओत एका लग्नाचं काम चालू होतं, आणि वधूचे काका अल्बमसाठी ताटकळत बसले होते. कार्ड चालतं हे दाखवायला स्टुडिओवाल्याने तोच व्हिडिओ लावला. दोन मिनिटांत काम झालं असतं. पण वसंतराव म्हणाले, बैल घेताना आम्ही तो शेतभर चालवून पाहतो. आम्ही पाऊण तास ते लग्न पाहिलं. काकांनी विचारलं, तुम्ही कोणाकडचे? मी तोंड उघडायच्या आत वसंतरावांनी सांगितलं, मुलाकडचे. झालं. काकांनी आमच्यासाठी चहा मागवला आणि मुलाच्या वडिलांनी फेट्यावरून कसा रुसवा धरला ते आम्हालाच ऐकवायला सुरुवात केली. पडद्यावर ते वडील फेट्यासाठी तोंड फुगवून उभे होते. वसंतराव बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मृणालच्या लग्नात त्यांनीही फेट्यावरून असंच केलं होतं आणि आम्ही सगळे घाबरून गेलो होतो.

"कसा दिसते माणूस," ते हळूच मला म्हणाले. "मीबी असाच दिसत होतो का?"

मी म्हणालो, याच्यापेक्षा थोडे बरे. तेवढं वाढवून बोलणं व्याह्यांत चालतं.

कार्ड गरम होत नव्हतं, चित्र अडखळत नव्हतं. ते घेतलं, काकांना नमस्कार केला आणि वर्ध्याहून खोकी उचलून शेवटच्या आधीची बस पकडली. वाटेत कंडक्टरने विचारलं, एवढं काय नेताय. वसंतराव म्हणाले, ठिबकाचं यंत्र. कंडक्टरचीही संत्र्यांची बाग निघाली. आर्वीपर्यंत मी त्याला पाण्याच्या दाबाविषयी सांगत होतो. काचेचं कॅबिनेट मांडीवर घेऊन वसंतराव झोपेचं सोंग करत होते.

जोडणी दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतल्या टेबलावर सुरू झाली. मी वहीतून वाचायचं आणि वसंतरावांनी हात चालवायचे, असं ठरलं. ट्रकचं इंजिन उघडून परत बसवणारे ते हात. प्रोसेसर त्यांनी अंड्यासारखा उचलून ठेवला. रॅमची पट्टी दाबताना 'कट्' आवाज झाला तेव्हा आम्ही दोघेही मोडली म्हणून दचकलो, पण वहीत लिहिलं होतं, की असा आवाज यायलाच हवा. विहीणबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. विहीणबाईंनी विचारलं, कोणता दिवा कशाचा. वसंतरावांनी सांगितलं, लाल विहिरीचा, हिरवा पूर्वेकडच्या वावराचा (शेताचा). निळ्याला त्यांना काही सुचेना, म्हणून तो मी नदीचा करून टाकला.

मॉनिटरवर मात्र काहीच येईना. आम्ही सगळं काढून पुन्हा जोडलं. काळाच. तिसऱ्यांदा जोडलं, तरी काळाच. उन्हं ओसरीवरून उतरली. वसंतराव काठी घेऊन उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोन वर्षं घरात बसलेला माणूस कसा दिसतो, ते मला तेव्हा कळलं. मुलाला फोन करू का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात विहीणबाई आतून आल्या. त्यांच्या एका हातात बिल होतं, दुसऱ्या हातात फोन. वर्ध्याच्या त्या सूनबाई फोनवर होत्या. विहीणबाईंनी पदर खोचला, मॉनिटरची वायर वरच्या भोकातून काढली आणि खाली, कार्डाच्या भोकात लावली. आम्ही तीनदा सगळं जोडलं होतं, आणि तीनही वेळा ही एक वायर चुकीच्या जागी लावली होती. पडद्यावर अक्षरं उमटली.

त्यांनी फोन ठेवला, बिलावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"ठिबकाले स्टेरिंग काऊन (कशाला) लागते?"

पाटबंधारे खात्याने वही मिटली. वसंतराव खाली मान घालून म्हणाले, की लोक हसतील असं तू म्हणशील, म्हणून सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, लोक हसतीलच. मग आत जाऊन चहा ठेवला.

विंडोज टाकायला आणि खेळ उतरवायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. वसंतरावांनी स्टिअरिंगला हात जोडले, उजवा पाय पायटीवर ठेवला, डावा सरळ लांबवला. ट्रक निघाला. पहिल्या वळणावर त्यांचं सगळं अंग वळलं. विहीणबाई गहू निवडायचं सूप घेऊन शेजारी बसल्या, पण सुपाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पंचवीस वर्षं नवरा संत्री घेऊन जायचा आणि या घरी थांबायच्या. ट्रकमध्ये त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

"असेच जात होते तुमी नागपूरले?" त्यांनी विचारलं.

"रस्ता एवढा चांगला नव्हता," वसंतराव म्हणाले. मग पुढचं वळण घेत म्हणाले, "अन् बाजूले कोणी नव्हतं."

खेळातल्या एका धाब्यापुढे विहीणबाईंनी ट्रक थांबवायला लावला आणि तिघांसाठी खरा चहा करून आणला.

परतीला पुलगावहून गाडी धरली. बरोबर गोरसपाकाचे दोन पुडे होते. गोरसपाक म्हणजे इथलं तुपातलं खमंग बिस्किट. खिडकीशी बसून मी हिशेब लावला, की सहा वर्षांत व्याह्यांकडे मी याआधी पाच वेळा आलो होतो. पाचही वेळा आम्ही दोघे समोरासमोर बसलो, मध्ये पोह्यांच्या बशा ठेवून, एकमेकांना जपत. या खेपेला प्रथमच दुकानाच्या काउंटरच्या एका बाजूला बसलो, आणि पलीकडच्या बाईला आमच्यातलं कोण अडाणी ते चटकन कळलं. सातारला लोक विचारतील, वर्ध्याकडे काय पाहिलं. एक दुकान, एक परक्याचं लग्न आणि इवाई, एवढंच सांगता येईल. इवाई मात्र नीट पाहिले.

घरी पोचून पाय धुतो तोच पुण्याहून मृणालचा फोन. आवाज काळजीचा होता. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, नंतर करजो, गाडी घाटात आहे, आणि ठेवून दिला. "बाबा, आईंना गाडी कुठे येते? आणि आष्टीला घाट कुठला?"

मी म्हणालो, घाटात असताना माणसाला फोन करू नये, तासाभराने कर.