वरवंट्याची कावीळ

घरात मला चौकशी खिडकी म्हणतात. नाव दादाने ठेवलं आणि ते चिकटलं, कारण ते खरं आहे. एखादी गोष्ट का झाली ते कळेपर्यंत मला एका जागी बसवत नाही. भाजी खारट झाली तर इतरांना दही हवं असतं, मला मीठ दुसऱ्यांदा कोणी टाकलं ते हवं असतं. आई म्हणते, हिला स्थळ बघायचं तर वकिलाचंच बघा, दोघं एकमेकांची उलटतपासणी घेत बसतील आणि पोरं शेजाऱ्यांकडे जेवतील.

माझी नोकरीही तसलीच. अंबाडीच्या अलीकडे आमचं गाव. तिथून कंपनीची बस आम्हाला भिवंडीजवळ पूर्णाच्या गोडाऊनला नेते आणि मी तिथे आलेला माल तपासते. शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम वजनकाट्याचं. काट्यावर काहीही न ठेवता आकडा बघायचा. रिकाम्या काट्यावर शून्य येत नसेल, तर पुढे त्यावर काय ठेवलं आणि किती भरलं याला काही अर्थ नाही. नवीन मुलं या कामाला कंटाळतात. मला दिवसातलं तेवढंच काम मनापासून आवडतं.

घरात माझ्या जोडीची एकच, वहिनी. वयाने माझ्याएवढी, भिवंडी शहरातली, पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे आमच्या आरडाओरड्याचं तिला काहीच वाटत नाही. दुपारी लाइट गेली की ओट्यावर मेंढीकोटाचा डाव बसायचा. चौघांच्या दोन जोड्या, ज्यांच्याकडे दश्श्या जास्त ते जिंकले. मी आणि वहिनी कायम भिडू. मी पडलेली पानं लक्षात ठेवायचे, ती न पडलेली. “पडलेलं पान सगळेच बघतात, ताई,” ती म्हणायची, “कुणी काय टाकायला हवं होतं आणि टाकलं नाही, ते बघा.” आई आणि दादा आमच्याकडून इतक्या वेळा हरले की शेवटी आईने पत्ते ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

श्रावणात आमच्या आळीत कावीळ शिरली. एकामागून एक घरात माणसं पिवळी पडायला लागली आणि गुन्हेगार लगेच ठरला: नाक्यावरचा पाणीपुरीवाला. चार जणांनी जाऊन त्याची गाडी बंद केली. “मैंने क्या किया, भाई?” एवढंच तो विचारत होता. माझं डोकं फिरलं. शेजारचे आजोबा कित्येक महिने खाटेवरून उठले नव्हते, तेही पिवळे झाले होते; त्यांना पाणीपुरी कोणी भरवली? देवळापलीकडची पोरं रोज त्याच गाडीवर उभी असायची, तिकडे एकही जण आजारी नव्हता. तिकडे बोअरिंगचं पाणी, आमच्याकडे नळाचं, आणि आमच्या नळाची लाइन गटारातून जाते. हे मी घरोघर सांगत फिरले. लोकांनी मान हलवली आणि पुन्हा त्या माणसाला शिव्या दिल्या. निदान आमच्या घरी त्या दिवसापासून मी पाणी उकळायला लावलं.

पण उशीर झाला होता. कावीळ अंगात शिरली तरी लगेच दिसत नाही. वहिनीला आठवा महिना लागला होता. एका सकाळी वेणी घालता घालता तिने आरशात स्वतःचे डोळे बघितले आणि मला हाक मारली. मी बघितलं, ते हळदीसारखे पिवळे होते. घरोघर फिरून गरोदर बायकांची विचारपूस करणारी आमच्या गावची आशाताई त्याच आठवड्यात सांगून गेली होती की इतरांची कावीळ आरामाने उतरते, पोटुशी बाईची मात्र जिवावर बेतू शकते, अजिबात थांबू नका, हॉस्पिटलात न्या.

“नेऊ ना,” आई म्हणाली. “आदी उतरवून घेऊ.”

उतरवून घेणं म्हणजे दोन गावं पलीकडे एका म्हाताऱ्याकडे रविवारी आणि बुधवारी रांगेत बसायचं. तो बाटलीतलं तपकिरी पाणी रोग्याच्या हातांना चोळतो आणि हात चुन्याच्या निवळीत धुतो. बघता बघता निवळी पिवळी होते. ते पिवळं म्हणजे अंगातून निघालेली कावीळ. असं तीनदा केलं की माणूस बरा.

रविवारी मी ड्युटीवर असताना आई आणि दादा वहिनीला घेऊन गेले. मी परत आले तेव्हा आई खुशीत होती. “परात पिवलीधम झाली गो! केवडी निघाली!” वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकलं नव्हतं. मी दादाशी भांडले. तो म्हणाला, “दोनच वेळा राहिल्यात, मग नेऊ.” आईशी भांडले. ती म्हणाली, आमच्या आईची, मावशीची, सगळ्यांची तिथंच उतरली. ज्यांची उतरली नाही ते सांगायला उरले नसतील, असं मी म्हणाले आणि आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते दोन दिवस मी गोडाऊनमध्ये काय तपासलं ते मला आठवत नाही. सारखा फोन काढून बघायचे. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

बुधवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेले. रांगेत बसल्या बसल्या मला वहिनीचं न पडलेलं पान दिसलं. इथे आजवर हात धुतले ते सगळे पिवळेच होते. धडधाकट माणसाने इथे कधी हात धुतलेच नव्हते. काटा रिकामा ठेवून कोणी बघितलाच नव्हता. वहिनीचा नंबर आला तशी मी पुढे सरकले आणि आधी माझे हात धरले. म्हाताऱ्याने पाणी चोळलं, हात निवळीत बुडवले. निवळी पिवळीधमक.

मी जिंकल्यासारखी वळले. “बघितलंत? मला काहीही झालेलं नाही!”

मग रांगेतली एक बाई म्हणाली, “आगो बया, हिला बी हाय!”

आईने छातीवर हात ठेवला. दादा म्हणाला, “तरीच म्हटलं, हल्ली एवढी चिडचिड का करते.” म्हातारा शांतपणे म्हणाला, “सुरुवात हाय. येलेवर आलीस, पोरी.” मग त्याने वहिनीचे हात दुसऱ्यांदा धुतले आणि रोज सकाळी हातांना लावायला मलासुद्धा एक बाटली दिली.

परतताना रिक्षात वहिनी इतकी हसली की तिला उलटी झाली. तिचं डोकं धरून बसले तेव्हा तिचं अंग हाताला जड लागलं. माझा राग तिथेच थिजला.

घरी आल्याबरोबर मी कामाला लागले. माझं चुकलं ते एवढंच, की माणसाला कावीळ असू शकते. ज्याला ती होऊच शकत नाही, त्याचे हात धुवायला हवेत. स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघितलं, पाट्यावर वरवंटा होता. त्याला म्हाताऱ्याच्या बाटलीतलं पाणी चोळलं, आईच्या पानाच्या डब्यातला चुना ताटात कालवला आणि वरवंटा त्यात धुतला. पाणी असं पिवळं झालं की माझंच मला बरं वाटलं. सगळ्यांना हाक मारली.

“आता बोला,” मी म्हणाले. “ह्याचं लिव्हर कुठे आहे?”

दादा हसणार होता. पण आईकडे बघून थांबला. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला समजेना. दगडाला कावीळ होत नाही, यात घाबरण्यासारखं काय आहे? मग ती म्हणाली, “बारशाचा वरवंटा! आगो, बालाच्या आदी जो पालन्यात ठेवायचा, त्याला तू कावील लावलीस?”

आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा सजवून पाळण्यात घालतात, बाळासारखा जोजवतात. मी जगातली सगळ्यात निर्जीव वस्तू शोधायला गेले आणि नेमकी बाळाच्या जागेवरची उचलली. पुरावा माझ्या हातात होता आणि आईला तो अपशकुन दिसत होता. तिने ताट उचललं, मोरीत ओतलं आणि म्हणाली, “आता रविवार चुकवायचा न्हाय. काय बी झालं तरी.”

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात दाराला टेकून उभी असलेली वहिनी बोलली.

“आई, तुमचं बरोबर आहे. वरवंटा म्हणजे बाळच. म्हणजे कावीळ बाळाला पण झाली.” तिने पोटावर हात ठेवला. “माझे हात तुम्ही धुवून आणले. ह्याचे कोण धुणार?”

आई तिच्या पोटाकडे बघत राहिली. मग दादाला म्हणाली, “रिक्षा आन.”

वाटेत वहिनीने डोळे मिटूनच विचारलं, “चिडलात?”

“तू आईला तिच्याच खुळात पकडलंस.”

“तुम्ही त्यांना त्याच्या बाहेर ओढत होतात, ताई. तेवढा वेळ नव्हता.”

मला तिचा हेवा वाटला, आणि रडूही आलं. भिवंडीच्या हॉस्पिटलातून आम्हाला लगेच ठाण्याला पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं. पुढचे दिवस मी हॉस्पिटलच्या जिन्यात खालीवर करत काढले. मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली. वहिनीचे डोळे हळूहळू पांढरे झाले. शेवटी दोघी घरी आल्या तेव्हा आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मला वाटलं, आता तिला पटलं. कसलं काय. तिने तिचा हिशेब लावला होता: दोनदा पाणी काढलं म्हणून सून तगली, बाळासाठी तेवढं हॉस्पिटल लागलं. वहिनीच्या युक्तीत तेच तर होतं. मी दिवसाआड वाद घालायचे. “तुझ्या दोन धुण्यांनी तिच्या उलट्या तरी थांबल्या का?” आई म्हणायची, “जित्ती हाय ना? मंग?” वहिनी मुलीला पाजत पाजत हळूच म्हणाली, आई, ताईंचं खरं आहे, मी तेव्हा बनवून बोलले. आईने तिला प्रेमाने उडवून लावलं, सून नणंदेची बाजू घेणारच म्हणून.

बारसं उशिरा, दिवाळीच्या सुमारास झालं. त्या दिवशी मला गोडाऊनमधून सुट्टी मिळाली नाही, दिवाळीचा माल होता. समोरच्या घरातल्या काकू बारशाला आल्या होत्या. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सासरच्या गावाहूनच पिवळे डोळे घेऊन आली होती. काकूंनी आमच्या पाळण्यातली मुलगी बघितली, वहिनीला बघितलं आणि आईला विचारलं, तुम्ही काय केलंत? आईने मनापासून, त्यांच्या भल्यासाठी, जे तिला खरं वाटत होतं ते सांगितलं. म्हाताऱ्याचं गाव सांगितलं, वार सांगितले. तीनही वेळा पुऱ्या करा म्हणाली, आमची एक राहिली, म्हणून बाळाला त्रास झाला.

त्यांनी तीनही वेळा पुऱ्या केल्या. मग हॉस्पिटलात नेली. मुलगी गेली, बाळही गेलं. मला कळलं तेव्हा तिला न्यायला आळीतली माणसं जमली होती.

आई त्या घरी गेली, बसून आली, आणि त्यानंतर त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. मग वालाच्या शेंगांचे दिवस आले. एका दुपारी ओट्यावर आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. समोरचं दार बंद होतं. आई म्हणाली, “वैनी कशानी वाचली?”

“जाऊ दे ना, आई.”

“सांग. एवडे दिस रोज सांगत व्हतीस.”

“हॉस्पिटलात वेळेवर नेली म्हणून.”

“मंग ती कशानी गेली?”

नीट उत्तर काय असतं ते मला येतं. वेळेवर नेलेल्याही सगळ्या वाचत नाहीत. एक वाचली आणि एक गेली, यावरून काही सिद्ध होत नाही. काकूंना म्हाताऱ्याचं गाव आणखी कुणी सांगितलं असेल, कोण जाणे. यातलं सगळं खरं आहे. पण आईला जे पटावं म्हणून मी इतके दिवस भांडले, ते तिला आता पटलं होतं, अगदी बरोबर, एकही पायरी न चुकता. आणि तिच्या तोंडाकडे बघून मला वाटत होतं की न पटतं तर बरं होतं.

“मला माहीत नाही, आई,” मी म्हणाले.

“तुला म्हाइत हाय,” ती म्हणाली, आणि हातातली शेंग तशीच धरून समोरच्या दाराकडे बघत बसली.