साड्यांआडचा मका

स्वारगेटहून भोरची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोरी, टेप आणि फुकटचा आत्मविश्वास होता. उभ्या मक्याचं उत्पन्न कापणीआधी कसं काढतात, हे मी मोबाईलवर बघितलं होतं. तेवढ्या भांडवलावर सुमनवहिनीने मला आंबवड्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. कापूरहोळला खाल्लेला वडा भोरपर्यंत पोटात बोलत होता.

घरात दोन पक्ष होते. पोपटदादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, मका वाळवून दाणे करायचे होते. वहिनीला तो हिरवाच कापून मुरघास (कुटून, हवाबंद करून टिकवलेली वैरण) करायचा होता. उन्हाळ्यात तिच्या गाईंना काय घालायचं हा प्रश्न दादाला कधीच पडत नाही. कुटीचं यंत्र दुसऱ्या दिवशी गावात येणार होतं आणि त्यानंतर मका मुरघासाच्या कामाचा राहणार नव्हता. भरघोस निघणार असेल तर दाणे, नाहीतर गाई, असं ठरलं होतं.

नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी चालू असताना दादाने सूर लावला, "उभ्या पिकाचं माप काढू न्हाई. नजर लागती."

"पारावर बसून आकडा सांगता तवा लागत न्हाई व्हय?" वहिनीने भाकरी वाढता वाढता विचारलं. दादाने चटणी मागितली.

शेत रस्त्याला लागूनच. रानडुकरं बिचकावीत म्हणून कडेने जुन्या साड्या बांधल्या होत्या. एका मोरपंखी साडीपाशी वहिनी थांबली.

"ही भाच्याच्या लग्नातली हाय."

"जुनी हुती," दादा म्हणाला.

"दोनदा नेसली हुती म्या."

दादाने विषय बदलून मला कडेची कणसं दाखवली. खरोखर टपोरी होती. "हितंच टाक दोरी," तो म्हणाला. पण जागा न बघता निवडायची असते. म्हणून मी पाठमोरा होऊन चप्पल शेतात भिरकावली आणि तीच शोधायला एका पायाने लंगडत आत शिरलो. पानांनी तोंड खरवडून काढलं. थोडं आत गेल्यावर एकदम ऊन लागलं.

मधला मका आडवा झाला होता. अर्धवट चावलेली कणसं चिखलात पडली होती. ओढ्याच्या बाजूला एकही साडी नव्हती. साड्या रस्त्यापुरत्याच बांधल्या होत्या, कारण रस्त्यावरून लोक बघतात. डुकरांना रस्त्याची गरज नव्हती.

तरी मी रीतसर मोजलं. ठिकठिकाणी दोरी ताणून कणसं मोजली, मधली काही सोलून ओळी आणि दाणे मोजले. कणसावर दाण्यांच्या ओळी सम संख्येतच येतात असं ऐकलं होतं. तेवढं एकच गणित जुळलं. पारावर सांगितलेल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा निघत नव्हतं.

वहिनी जिंकली होती, पण तिला आनंद झालेला दिसला नाही. ती म्हणाली, "उद्या यंत्रवाल्याला हितंच आणा. उभा हाय तेवढा तरी गाईंच्या पोटात जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दादाने स्वतः विळा चालवला आणि कुटी होताना मान वर केली नाही. संध्याकाळी तो मला मोटरसायकलवरून भोरला सोडायला निघाला. वाटेत मी छेडलं, "दादा, एकदा तरी आत जाऊन बघायचं."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "रातीला कडाकडा मोडल्याचा आवाज यायचा रे. म्या कूस बदलायचो. आत गेलो असतो तर खरं झालं असतं."

भोरच्या स्टँडवर त्याच्या ओळखीच्या एकाने हटकलं, "पोपटराव, किती हुईल मका औंदा?" आता दादा कुठला आकडा फेकतो, म्हणून मी हसायच्या तयारीत उभा राहिलो.

"डुकरांनी खाल्ला," दादा म्हणाला. "म्या झोपून राह्यलो. उरला त्यो सुमनच्या गाईंना घातला."

दोन दिवस मी त्याची थट्टाच केली होती. एसटी सुटल्यावर तो मला फार आवडला, आणि खाली उतरून त्याला हे सांगायला पाहिजे होतं, असं महामार्ग लागेपर्यंत वाटत राहिलं.