चाकावरची स्टिकरं आणि आबांचं थिनर

सायकलच्या दुकानात पंक्चरपेक्षा गप्पा जास्त साठतात. पंक्चर निघालं की गिऱ्हाईक निघून जातं, पण ते जे बोललं आणि त्यानं जो घोळ घातला, तो इथंच राहतो. आमचं दुकान तळोद्यात, सासऱ्यांनी घातलेलं. नवरा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, त्यामुळे लग्नानंतर पाना माझ्या हातात आला. लाटण्यापेक्षा मला तो बरा वाटतो, हे मी सासरी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं!

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. हात थरथरायला लागल्यापासून वाकडं चाक सरळ करणं त्यांनी सोडलं. आता त्यांच्याकडे एकच काम उरलंय, रिमवरची चिवट स्टिकरं काढायची. कंपनीची, पोरांनी चिकटवलेली, निवडणुकीतली, सगळी. थिनरचा डबा, सुती फडकं आणि खरवडायला जुनं एटीएम कार्ड घेऊन ते दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात बसतात.

आणि आबांना दमा आहे. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आबा, थिनरचा वास आजपासून बंद. छातीला आता सोसणार नाही." आबांनी शहाण्यासारखी मान हलवली, घरी आले आणि डबा उघडून बसले.

मी ओरडले, तर म्हणाले, "स्टिकर सोडं तं दुकानमा मी काय फोटो म्हनीसन बसू?"

मी डब्याला झाकण लावलं, त्यांनी ते परत उघडलं.

*

ब्राह्मणपुरीचे एक केळीवाले काका आहेत. त्यांनी मुलासाठी जुनी सायकल घेतली. घरी नेल्यावर बघतात तर दोन्ही रिमांवर देवाची स्टिकरं! चाक फिरलं की देव चिखलात. काकांनी सायकल चालवू दिली नाही, टेम्पोत घालून आमच्याकडे आणली.

आबांनी डब्याला हात लावला नाही. "देवले थिनर नई लावतस," म्हणाले. गरम पाण्यात फडकं भिजवून रिमवर गुंडाळलं, डिंक मऊ होऊ दिला आणि कडेपासून नखानं हळूहळू उचलत नेलं. काका तेवढा वेळ चपला काढून, हात जोडून उभे. मागे दोन गिऱ्हाइकं होती, तीही उभी राहिली.

दोन्ही चाकांवरची स्टिकरं अख्खी निघाली. काका गहिवरले, दुकानातच नारळ फोडायला निघाले. "आबा, आठेच नारळ फोडू का?"

आबा म्हणाले, "घर जाईसन फोडा. आठे करवंटी टायरमा घुसस!"

*

मोलगीकडचे वसावेभाऊ स्वतःच्या डोक्यानं चालतात. त्यांनी मोबाईलवर बघितलं की गोडंतेल लावलं की स्टिकर सुटतं. ते खरंच आहे. त्यांनी रात्रभर शेंगदाण्याचं तेल लावून ठेवलं, सकाळी स्टिकर काढलं, रिम आरशासारखी चकचकीत झाली. भाऊ खूश होऊन उताराला लागले.

आता सायकलचा ब्रेक धरतो तो रिमलाच. आणि रिमला तेल!

समोरून काठी गावच्या होळीला निघालेली मंडळी येत होती. ढोल, कमरेचे घुंगरू, मोरपिसांचे टोप. भाऊ ओरडत ओरडत सरळ त्यांच्या मधोमध गेले. चौघांनी मिळून सायकल धरली, बाकीच्यांनी ढोल काही थांबवला नाही. लागलं कुणालाच नाही.

भाऊंनी मला सांगितलं, "ताई, ब्रेक दाबला, सायकलनं ऐकलंच नाही. मग मी पण नाचलो. काय करणार?"

मी रिम साबणानं धुतली, स्पिरिटनं पुसली, ब्रेकच्या रबरांना पॉलिश पेपर मारला. तेल लावलं तर ते पूर्ण उतरवायचंही असतं, हे त्यांना तीनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पुढच्या होळीला असंच जाता येईल का?"

*

कॉलेजची एक मुलगी आली. गुलाबी सायकल, गुलाबी रिम, त्यावर निळं स्टिकर. तिनं घरी नेलपॉलिश रिमूव्हर लावून बघितलं होतं. आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावं, हे कोण करतं? रिमचा गुलाबी रंग भसाभसा निघाला, खालचा पत्रा दिसायला लागला. स्टिकर मात्र होतं तिथंच, हसत.

मला वाटलं आता ही रडणार. तिनं चाक फिरवून नीट बघितलं आणि म्हणाली, "काकू, स्टिकर राहू द्या. बाकीची रिमच निळी रंगवा ना!"

रंगवली. आता तिच्या वर्गातल्या तिघी जणी निळ्या रिमा मागतात.

*

आबांचं आणि माझं भांडण या सगळ्याच्या मधून चालूच होतं. मी डबा टायरच्या ढिगामागे लपवला, त्यांनी काढला. माळ्यावर टाकला, तर त्यांनी शेजाऱ्याकडून काढून घेतला. शेवटी मी तो ज्वारीच्या पिठाच्या पिंपात खोल पुरला. झाकण सैल होतं, हे कुणाला माहीत! रात्री नवऱ्यानं भाकरीचा एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"भाकरले रंग देयेल शे का?"

सगळं पीठ फेकावं लागलं. आबा एवढे हसले की हसता हसता धाप लागली. ती मात्र थांबेना. ओठ काळे पडायला लागले. नवऱ्यानं दम्याचा पंप तोंडाला लावला, मी पाठीवरून हात फिरवत राहिले. श्वास परत सुरळीत झाला तेव्हा आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखी मान खाली घातली. मला इतकी भीती वाटली होती की रागवायचंही सुचलं नाही. हा माणूस मला हवा होता, दुकानात, त्याच कोपऱ्यात.

डबा फेकून दिला तर आबा कोपऱ्यातून उठतील आणि खाटेवर जाऊन पडतील, हे मला दिसत होतं. आणि डबा ठेवला तर काय होईल, तेही आत्ताच बघितलं होतं.

मी डबा रिकामा केला, धुतला आणि त्यात साबणाचं पाणी भरलं. झाकणाला बाहेरून तेवढा थिनरचा वास राहू दिला.

पहिल्या दिवशी आबांनी फडकं बुडवलं, स्टिकर घासलं आणि कपाळाला आठी घातली. "थिनरमा बी भेसळ व्हवाले लागनी!" मी खाली बघून पंक्चर काढत राहिले. पण स्टिकरं निघत होती, थोडी सावकाश. खोकला कमी झाला. आबा रात्री झोपायला लागले. रोज सकाळी ते यायच्या आत मी डबा भरून ठेवत होते.

मग थंडी पडली. सातपुड्यावरून वारा सुटला की तळोद्यात बोटं आखडतात. एक नवीन गिऱ्हाईक सायकल घेऊन बसलं होतं. दुकानात चहासाठी छोटा गॅस आहे, तो पेटलेला होता. आबा उठले, चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि थिनरचा डबा उचलून सरळ गॅसवर ठेवला!

डब्यावर लाल अक्षरात "ज्वलनशील" लिहिलेलं आणि खाली आगीचं चित्र. गिऱ्हाईक वाचता येणारं होतं. "ओ बाबा! थिनर! ताई, पळा!" करत ते सायकल टाकून रस्त्याच्या पलीकडे, पार पानटपरीच्या मागे.

मी जागची हलले नाही.

आबाही हलले नाहीत. डब्यातून वाफ यायला लागली. त्यांनी गॅस बंद केला, आत बोट बुडवून बघितलं, फडकं भिजवलं आणि रिमवर ठेवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"माय, उद्यापाईन जरा कोमटच भरत जाय."