फळीवर दोन थापा

आमच्या हेर्डेलबेक गावच्या फुटबॉल संघाचा एकही गोल क्लारिसवहिनींनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि त्यांची फ्राईजची टपरी मात्र मैदानाला चिकटून उभी. परगावचे लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे.

माझा थोरला भाऊ ओमेर हयात होता तेव्हाची गोष्ट. चषकाचा सामना होता. गिऱ्हाईक पांगल्यावर वहिनींनी टपरीच्या मागच्या खिडकीची फळी उचलली आणि हात पुसत मैदानाकडे पाहिलं. आम्ही गोल खाल्ला. थोड्या वेळाने परत डोकावल्या, दुसरा खाल्ला. तिसऱ्यांदा फळी नुसती किलकिली झाली, तर आमच्या गोलकीपरचा पाय घसरला आणि तो चिखलात बसला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! पण हे फुटबॉलवेड्यांना कोण समजावणार? ढोलवाला पोल स्टँडमधून ओरडला, "क्लारिस, लाव ती फळी! पांढऱ्या पायाची आहेस तू!"

आतून वहिनींचा आवाज आला, "पांढरे नाहीत रे मेल्या, मेयोनीज सांडलंय!"

अख्खा स्टँड हसला. पण त्या दिवसाची थट्टा पुढच्या रविवारी नियम होऊन बसली. सामना सुरू झाला की फळी बंद. आमचा गोल झाला की पोलने फळीवर दोन थापा मारायच्या, समोरच्यांचा झाला की एक. वहिनी आत बटाटे तळताना थापांवरून सामना ओळखायच्या. दोन पडल्या की पुड्यात झारा भरून जास्त फ्राईज, एक पडली की मीठ जास्त. ओमेर गेल्यानंतरचा पहिला रविवार, तेव्हासुद्धा त्या आतच होत्या. मला हा सगळा प्रकार मूर्खपणाचा वाटायचा, पण फळी मीही कधी उघडली नाही. वर्षानुवर्षं लीगच्या दुसऱ्या वर्गात कुजणारा संघ हाताला लागेल ते धरून बसतो.

या मोसमाची सुरुवात तर सांगण्यासारखी नव्हती. प्रशिक्षक शरदातच हाकलला. डीटर नावाचा आमचा लंबूटांग पुढे खेळतो, त्याला मी भर स्टँडमधून "विजेचा खांब" म्हणालो होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी गावभर सांगत फिरत होतो. मग हिवाळ्याच्या शेवटी कार्निव्हलची जत्रा झाली आणि पोरांच्या अंगात काय वारं शिरलं कोण जाणे! जिंकायलाच लागली. विजेचा खांब डोक्याने गोल घालू लागला. वसंतापर्यंत आम्ही पहिल्या वर्गाच्या दाराशी उभे होतो. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, दुसरा विषय नाही. म्हाताऱ्या बायकासुद्धा देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

नेमकं तेव्हाच मी वहिनींना कोर्त्राइक शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांना वाटलं होतं चष्मा बदलावा लागेल. डॉक्टर भला माणूस, त्याने सरळ सांगितलं. "नजरेतलं मधलं जाईल, कडा राहतील. चालाल, फिराल, कामही कराल. पण चेहरे दिसणार नाहीत, तेच आधी जातात. हिवाळ्यापर्यंत."

परतताना गाडी नदीवरच्या पुलावर आली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ओमेरचा चेहरा मला पाठ आहे. त्याची काळजी नाही. पण आपला एक गोल बघायचा राहून गेला हो."

"मग बघा की! कोण अडवतंय?"

"आणि आपण खाल्ला तर? गावात पाव आणायला कोणत्या तोंडाने जाऊ?"

"वहिनी, असं काही नसतं."

"मला ठाऊक आहे नसतं. पोलला ठाऊक नाही ना!" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे कुणाजवळ बोलायचं नाही. पोलजवळ तर मुळीच नाही. कीव येऊन उघडलेली फळी मला नको."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, लिम्बुर्गकडच्या संघाशी होता. जिंकलो तर वर, बरोबरी झाली तर आहोत तिथेच. स्टँड इतका भरला की लोक कठड्यावर बसले. सामन्याआधी मी टपरीत शिरलो.

"वहिनी, आज तरी बघा."

"आज तर नाहीच नाही. सरका, तेल उडेल अंगावर."

आम्ही आधी एक गोल खाल्ला. फळीवर एकच थाप पडली आणि टपरीपुढच्या रांगेतल्या लोकांनी खारट फ्राईज मुकाट्याने खाल्ले. मग डीटरने फेडला. दोन थापा! पण त्यानंतर गाडं अडलं ते अडलंच. चेंडू गोलच्या खांबाला लागला, बाहेर गेला, गोलकीपरच्या पोटात गेला. घड्याळाकडे बघवत नव्हतं. माझं लक्ष सारखं त्या बंद फळीकडे जात होतं. आज वर गेलो काय आणि राहिलो काय, पुढच्या वर्षी तिच्यामागच्या बाईला काय दिसणार होतं? माझा जीव तळमळला. मी धक्के देत पोलपर्यंत गेलो आणि त्याच्या कानात डॉक्टरचं बोलणं सांगून टाकलं.

पोलने ढोल थांबवला. अशा सामन्यात ढोल थांबतो म्हणजे काय! सगळ्यांच्या माना वळल्या. पोल जिना उतरला, टपरीमागे गेला आणि ज्या फळीवर त्याने आयुष्यभर पहारा दिला होता, ती त्याने दोन्ही हातांनी वर उचलली.

"क्लारिस, बाहेर ये."

"वेडा झालास का रे? बरोबरी आहे अजून!"

"म्हणूनच म्हणतोय, ये."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि शब्द कुणी मोडला ते ओळखलं. पण आल्या. हातात झारा तसाच. लोकांनी बाजूला होऊन त्यांना पुढे जागा दिली. काहींनी डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली, तेवढंच. वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हिरवळ बघून म्हणाल्या, "बाई गं, केवढं मोठं मैदान आहे हे!"

आमच्या पोराने डाव्या कडेवरून चेंडू पळवला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. सगळा स्टँड उभा राहिला. डीटर गोलसमोर पोचला आणि चेंडू हवेत उठला.

त्याच क्षणी मागून जळका वास आला.

"अगंबाई, माझे बटाटे!" म्हणत वहिनी गर्रकन मागे वळल्या, आणि स्टँडचा जो काही स्फोट झाला! ढोल कुणाच्या तरी पायाखाली गेला, टोप्या उडाल्या, मी कुणालातरी मिठी मारली, तो आमच्या गावचाच नव्हता. गोल! गेलो वर, गेलो एकदाचे!

मग मला आठवण झाली. वहिनी तशाच उभ्या होत्या, मैदानाकडे पाठ, स्टँडकडे तोंड, झारा छातीशी धरलेला.

"पाहिलात ना?" मी ओरडलो.

"काय?"

"अहो, गोल!"

"नाही हो."

मला रडू कोसळलं. एवढं सगळं करून, तोंडघशी पडून, शब्द मोडून, आणि बटाट्यांपायी! मी म्हणालो, "मेले ते बटाटे! वहिनी, मला माफ करा."

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या वर बघत होत्या, एकेका रांगेवर नजर फिरवत. बेकरीवाली, पाद्रीबुवा, शाळेतली पोरं, न्हावी. "इतकी वर्षं नुसत्या थापा ऐकल्या हो," त्या म्हणाल्या. "गोल झाल्यावर तुम्ही सगळे असे दिसता होय? आणि हा पोल बघा! लहान मुलासारखा रडतोय! किती सुंदर दिसतोय मेला." मग माझ्या गालावर तेलकट हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा."

बटाटे कोळसा झाले होते. पोलने ते फुंकर मारून मारून संपवले.

ऑगस्टपासून आम्ही पहिल्या वर्गात खेळतोय. मार खातोय, पण पहिल्या वर्गात खातोय. टपरी आता वहिनींची मुलगी बघते. वहिनींसाठी कठड्याशी एक खुर्ची आहे. पोल म्हणाला मैदानाकडे तोंड करू, वहिनींनी ती उलटी करून घेतली. लोक म्हणतात नवा शकुन आहे, पाठ असली की गोल होतो. म्हणू देत.

गेल्या रविवारी मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "कोण?"

"मी, फिर्मिन."

"हां, भावजी. बसा." मग हसून म्हणाल्या, "त्या दिवशीचे आहात तसेच आहात हो."

तेवढ्यात डीटरने गोल घातला. पोल धावत आला आणि त्याने वहिनींच्या खांद्यावर हलकेच दोन थापा मारल्या.