गोण्यांचा बांध आणि दोन फोटो

रमणभाई माझ्याबरोबर कारखान्यात आहेत. म्हणाले, "बडोद्यात, दांडिया बाजारात बसून शेतीवर फार बोलता. एकदा आमच्या गावी या." दिवाळीनंतर रजा टाकून गेलो.

बडोद्याहून वाघोडियाची पहिली बस पकडा. पुढे छकडा, म्हणजे तीनचाकी टमटम. तो भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरला की नाही ते छकडेवाला ठरवतो. जुनी पँट घाला. मी नवी घातली होती.

गावाबाहेर ओढा आहे. पावसाळा सरला की गाव त्यात वाळूच्या गोण्या रचून पाणी अडवतं. त्या पाण्यावर गहू होतो. रिकाम्या गोण्या सरकार देतं. ओढा ओलांडणाऱ्या पाहुण्याने एक गोणी भरायची, अशी रीत. मी भरली. पँट गेली.

रमणभाईंच्या आईंनी, बांनी, ओढ्याकाठीच बाजरीचा रोटला आणि वांग्याचं भरीत वाढलं. तूप नको म्हटलं की जास्त वाढतात. हे लक्षात ठेवा.

जेवण होतंय तोच गोण्या देणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब जीपमधून आले. तरुण होते. हातात कॅमेरा, बगलेत दोन पाट्या. बांध बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कामापूर्वीचा फोटो राहिला. त्याशिवाय फाइल पुढे जात नाही. पुढच्या वर्षी गोण्या मिळायच्या नाहीत."

"गहू थांबतो काय, साहेब?" रमणभाई म्हणाले.

"थोडा फोडा. फोटो काढतो, मग रचा."

बा उठल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. "माझा गहू तुझ्या फाइलीत पेरलाय काय रे, भाई?"

साहेब घाम पुसत राहिले. शेवटी रमणभाई म्हणाले, "बांधाच्या खाली चला. तिथं थेंब नाही."

कोरड्या वाळूत बांना उभं केलं. 'काम सुरू होण्यापूर्वी' ही पाटी माझ्या हातात.

"बा, आभाळाकडे बघा. हसू नका."

बा हसल्या. तीनदा हसल्या. चौथा फोटो जमला. मग आम्ही पन्नास पावलं वर गेलो. 'काम पूर्ण झाल्यावर' ही दुसरी पाटी धरली. मागे काठोकाठ पाणी.

"दहा मिनिटांत ओढा भरला," साहेब खूश होऊन म्हणाले. बांच्या हातची छास, आपलं ताक, पिऊन गेले.

पुढच्या पुरात बांध वाहून गेला. दरवर्षी जातो. गोण्या मात्र आल्या नाहीत. कागदावर बांध उभा आहे, मग दुसरा कशाला? रमणभाईंनी हे कँटीनमध्ये सांगितलं आणि पाटी मीच धरली होती हे मला आठवलं.

तेव्हापासून कोपऱ्यावरच्या वाण्याकडून रिकाम्या गोण्या आणतो. गॅलरी भरली आहे. परवा बायकोने विचारलं, "हे काय चाललंय?"

म्हटलं, "काम सुरू होण्यापूर्वी."